घर्षण नगण्य मानावे

डॅरिन वेल्टरला फक्त गॅरेज रिकामं करायचं होतं. पुढे त्यात तळं आलं, अग्निशामक दल आलं, प्लायवूडची एक गाय आली आणि शेवटी त्याची स्वतःची इभ्रत पणाला लागली, पण हे सगळं ओघाने आलं. मूळ बेत गॅरेजचा होता आणि तो हे आजही कुणालाही शपथेवर सांगायला तयार आहे. अडचण एवढीच की आता गावात कुणी त्याला विचारत नाही.

गॅरेज हवं होतं ब्रिटासाठी. ब्रिटा ही त्याची एकुलती एक मुलगी, हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला. मे महिन्यात तिची ए.पी. फिजिक्सची परीक्षा होती. ही परीक्षा म्हणजे शाळेत असतानाच कॉलेजच्या तोडीचा पेपर द्यायचा आणि पाचापैकी मार्क घ्यायचे. सराव परीक्षेत ब्रिटाला दोन मिळाले. तेव्हा फिजिक्सच्या मिसेस रिंगस्टाड बाईंनी डॅरिनला शाळेत बोलावलं, समोर बसवलं आणि मुलीची उत्तरपत्रिका खिडकीच्या उजेडासमोर धरली.

"इथे बघा. काय दिसतं?"

"काही नाही. खोडलंय," डॅरिन म्हणाला.

"खोडलंय, पण खाली काय आहे ते वाचा. बरोबर उत्तर आहे. इथेही बरोबर लिहिलं आणि खोडलं. इथेही तेच. मिस्टर वेल्टर, तुमच्या मुलीला फिजिक्स येतं. आपल्याला येतं यावर तिचा विश्वास नाही, एवढीच भानगड आहे. खोडलेल्याला मी मार्क कसे देऊ?"

घरी ब्रिटाने जाहीर करून टाकलं की ती परीक्षेला बसणारच नाही. "पुन्हा दोन मिळवायला एवढा खटाटोप कशाला? आहेत ते दोन काय वाईट आहेत?" ही मुलगी आठ वर्षांची असताना टोस्टर उघडून बसायची आणि बापालाच त्यातलं सगळं समजावून सांगायची. तीच आता जेवताना मीठ मागतानासुद्धा "म्हणजे, लागेल बहुतेक" असं म्हणायला लागली होती. अखेर आईने, म्हणजे जोलीनने, तोडगा काढला. ब्रिटाने वर्गातल्या ग्रेडी आणि फेंगबरोबर एप्रिलभर अभ्यास करायचा आणि मग काय ते ठरवायचं. ब्रिटा "बघू" म्हणाली.

आता अभ्यासाला बसायचं कुठे? जेवणाच्या टेबलावर जोलीनने चर्चच्या सोडतीसाठी शिवायला घेतलेली गोधडी नाताळपासून पसरली होती. तिच्यावर कप ठेवायची कुणाची छाती नव्हती. खुद्द वेल्टर कुटुंब चार महिने मांडीवर ताटल्या घेऊन जेवत होतं. तळघरात बर्फ वितळल्याचं पाणी. राहता राहिलं गॅरेज आणि गॅरेजमध्ये होती खोपटी.

खोपटी म्हणजे बर्फावरच्या मासेमारीची. प्लायवूडच्या चार भिंती, एक खिडकी, एक शेगडी, बसायला दोन स्टुलं, जमिनीला गळ सोडण्यापुरतं भोक आणि खाली घसरायला दोन लांब पट्ट्या. हिवाळाभर ती गोठलेल्या तळ्यावर उभी असते. मार्चमध्ये ती काठावर ओढून आणावी लागते, नाही तर दंड होतो. खोपटीवर मालकाचं नाव रंगवावं असाही नियम आहे. डॅरिन पडला विमा एजंट. त्याने सरकारी नियमाचा फायदा घेऊन दोन्ही बाजूंना हातभर उंचीची अक्षरं काढून घेतली होती: 'डॅरिन वेल्टर. घर, शेत, वाहन. आमच्याकडे या, निश्चिंत व्हा.' अख्ख्या तळ्यावर एवढी ठळक खोपटी दुसरी नव्हती. याचा त्याला अभिमान होता. पुढे तो अभिमान राहिला नाही.

घराच्या मागे अंगण उतरत उतरत थेट तळ्यापर्यंत जातं. उताराच्या मध्यावर, जोलीनच्या रुबार्बच्या वाफ्याशेजारी थोडी सपाट जागा आहे. खोपटी तिथे नेऊन ठेवली की काम संपलं. विस्कॉन्सिनच्या उत्तरेला असलं काम दोन माणसं आणि एक पिकअप अर्ध्या बिअरमध्ये उरकतात. डॅरिननेही तेच करायला हवं होतं. पण मुलीच्या भवितव्याने झपाटलेल्या बापाला साधं काही सुचत नाही. त्याच्या डोक्यात आलं की उतार आहे, वजन आहे, दोरी आहे. हे तर फिजिक्सच! मुलांनी गणित करावं, आपण खोपटी उतरवावी आणि ती जागेवर बसली की ब्रिटाला कळेल, आपल्याला येतं.

कल्पना इतकी चांगली होती की ती कुणाला तरी सांगणं भाग होतं. ऐकायला शेजारचा व्हर्न आधीच येऊन उभा होता. व्हर्न कागद गिरणीतून निवृत्त झालेला. गल्लीत कुणाच्याही गॅरेजचं दार वर गेलं की हा हातात कॉफीचा मग घेऊन तिथे हजर.

"हे बघ, मी तुझ्या जागी असतो ना, तर हिला हातच लावला नसता," व्हर्न म्हणाला.

"पण मुलांना अभ्यासाला जागा हवी आहे."

"मग हिच्यातच बसव की. शेगडी आहे, स्टुलं आहेत. बरं, परवानगी काढलीस का? नाही म्हणजे, तू विम्याचा माणूस. उद्या काही झालं तर लोक काय म्हणतील?"

हा बाण नेमका लागला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अर्जांवर 'पुरेशी खबरदारी घेतली नाही' असा शेरा मारणारा माणूस स्वतः विनापरवाना कसा राहील? डॅरिन नगर कार्यालयात गेला. खिडकीमागे डोरीन बाई होत्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"खोपटी हलवायला परवानगी लागत नाही," त्या म्हणाल्या.

"छान. तेवढं लिहून देता का?"

"देते की. आधी सांगा, ते वाहन आहे की बांधकाम?"

"खोपटी आहे."

"बर्फावर असते तेव्हा खोपटी. अंगणात ठेवली की बांधकाम. आणि मधल्या वेळात, म्हणजे हलत असताना, वाहन. वाहनाला परवानगी वेगळ्या खिडकीवर. बांधकाम असेल तर ते हलत नाही असं तुम्ही लिहून द्यायचं."

"पण मला ते हलवायचंच आहे!"

"मग तुम्ही वाहनाच्या खिडकीवर जा. पण ती खिडकी मे महिन्यात उघडते," डोरीन बाई प्रेमाने म्हणाल्या आणि वर त्यांनी त्याला वाटीतली गोळी दिली. डॅरिन गोळी चघळत घरी आला.

शुक्रवारी संध्याकाळी सगळे जमले. ग्रेडी उंच, दणकट आणि कशाहीबद्दल खात्री असलेला मुलगा. फेंग बारीक, चष्मेवाला. गणित पक्कं, पण पुस्तकाबाहेर पाऊल टाकायला नाराज. सगळ्यांनी मिळून खोपटी ढकलत गॅरेजच्या मागे, उताराच्या माथ्यावर आणून उभी केली आणि मुलं खडू घेऊन सिमेंटच्या वाटेवर ओणवी झाली. योजना अशी: माथ्यावरच्या मेपलच्या उंच फांदीला कप्पी बांधायची, तिच्यावरून दोरी टाकायची, दोरीचं एक टोक खोपटीला आणि दुसऱ्या टोकाला लोंबतं पिंप. पिंपात जड पाणी मृदू करायच्या मिठाच्या गोण्या. खोपटी हळूहळू खाली जाणार, पिंप हळूहळू वर येणार. पिंपाचं वजन नेमकं हवं, बस्स.

"दोरीला वजन नाही असं धरू," ग्रेडी म्हणाला.

"कप्पी गुळगुळीत," फेंग म्हणाला.

"घर्षण नगण्य."

"नगण्य."

डॅरिनला यातलं काही कळत नव्हतं, पण आवाजावरून काम जोरात चाललंय एवढं त्याला समजलं आणि ऊर भरून आला. ब्रिटा मात्र वाटेच्या एका कडेला वेगळीच आकृती काढत बसली होती. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मला वाटतं, म्हणजे चुकत असेन मी, पण घर्षण सोडून चालणार नाही. खोपटी रात्रभर चिखलात बसणार. सकाळी ती हलणारच नाही. जोर लावावा लागेल. पण एकदा हलली की घर्षण कमी होतं. तेव्हा धरून ठेवायला पिंपात वजन पुरेसं हवं."

"पण घर्षण किती ते दिलंय कुठे?" ग्रेडीने विचारलं.

"दिलेलं नाहीये. पण…"

"दिलेलं नसेल तर धरायचं नाही. मिसेस रिंगस्टाड शंभर वेळा सांगतात."

"ते पेपरातल्या प्रश्नात रे," असं म्हणावं असं ब्रिटाच्या ओठांवर आलं असावं, कारण तिने तोंड उघडलं. मग मिटलं. मग बुटाच्या टाचेने तिने स्वतःची आकृती घासून टाकली. डॅरिनने ते पाहिलं. त्याला वाईट वाटलं, पण दोन मुलं म्हणतात म्हणजे तेच बरोबर असणार, असंही त्याला वाटलं. याबद्दल पुढे त्याने स्वतःला पुष्कळ शिव्या दिल्या.

शनिवारी दुपारी पिंप टांगलं. फांदीवरची गाठ व्हर्नने मारली. "नेव्हीतली गाठ आहे ही," तो शिडीवरून म्हणाला, "जहाज बांध हिला." सगळे आपापल्या जागी उभे राहिले. डॅरिनने खोपटीचे अडसर काढले आणि सगळ्यांनी श्वास रोखला.

खोपटी ढिम्म.

"वजन जास्त झालंय," ग्रेडी म्हणाला. "एक गोणी काढा."

गोणी काढली. खोपटी ढिम्म. रात्री चिखल गोठून तिच्या पट्ट्यांना घट्ट बिलगला होता आणि गॅरेजच्या सावलीत अजून तसाच होता.

"अजून एक काढ," व्हर्न म्हणाला. तीही काढली. काही नाही.

"काढू नका," ब्रिटा म्हणाली.

"काय म्हणालीस?" डॅरिनने विचारलं.

सगळे तिच्याकडे वळून बघायला लागले. "काही नाही," ती म्हणाली.

तिसरी गोणी निघाली. एव्हाना कुंपणापलीकडे तीन-चार शेजारी गोळा झाले होते. कुणी तरी "पिकअप आणू का?" असं विचारलं, तेही दयेने. डॅरिनला दया सहन होत नाही. तो ताडताड चालत गेला, खोपटीचं दार उघडून आत शिरला आणि दोन्ही पायांनी थयथय उड्या मारायला लागला. तिसऱ्या उडीला खालून काड्कन आवाज आला.

मग खोपटी हलली. ब्रिटाने सांगितलं होतं अगदी तस्सं झालं. हलेपर्यंत जिवाचा आटापिटा आणि एकदा हलल्यावर तिला धरून ठेवणारं उरलंच काय? हलकं झालेलं पिंप सुसाट वर गेलं आणि फांदीवर दाणकन आदळलं. क्षणभर दोरी ताणली आणि खोपटी थांबते की काय असं वाटलं. तेवढ्यात नेव्हीतली गाठ सुटली.

डॅरिनने खिडकीतून मेपल मागे जाताना पाहिलं. मग रुबार्बचा वाफा आला आणि गेला. सपाट जागाही आली. तिथे थांबायचं ठरलं होतं, पण ते खोपटीला कुणी सांगितलं नव्हतं. पक्ष्यांच्या आंघोळीचं भांडं उडालं. ओल्या गवतावरून 'घर, शेत, वाहन' अशी पाटी मिरवत खोपटी तळ्यात शिरली. त्या सावलीच्या बाजूला अजून करडा, भुसभुशीत बर्फ टिकून होता. त्याच्यावरून ती सरसर घसरत पुढे गेली आणि ग्लॅडिसला जाऊन धडकली.

ग्लॅडिस ही प्लायवूडची गाय. दर हिवाळ्यात गाव तिला बर्फावर उभी करतं आणि तिच्या पायातून एक तार काठावरच्या घड्याळापर्यंत आणतं. बर्फ फुटला की ग्लॅडिस बुडते, तार ओढली जाते, घड्याळ थांबतं. ती वेळ कुणाच्या अंदाजाला सर्वात जवळ, तो जिंकला. बक्षिसापेक्षा मान मोठा. जिंकणाऱ्याचं नाव हार्लनच्या हार्डवेअरच्या दुकानात वर्षभर झळकतं. लोक लग्नाचे वाढदिवस विसरतात, पण आपण ग्लॅडिसला कुठली वेळ दिली ते विसरत नाहीत.

बर्फ फुटला. खोपटी आणि गाय दोघी मिळून कंबरभर पाण्यात बसल्या. डॅरिनने खिडकीतून बघितलं तर ग्लॅडिसचा एक डोळा अगदी समोर, त्याच्याकडेच रोखलेला.

"डॅड!" काठावरून ब्रिटा किंचाळली. "लागलं का?"

"नाही!" तो ओरडला. "उभा राहू शकतो मी!"

तो उभाच होता. चार पावलं टाकली असती तर काठावर आला असता. पण गावच्या अग्निशामक दलाने हिवाळाभर बर्फातून माणूस काढायची तालीम केली होती आणि हिवाळाभर एकही माणूस बुडाला नव्हता. ते नारिंगी रबरी पोशाख चढवून आले आणि त्यांनी डॅरिनला जागचं हलू नकोस असं बजावलं. मग दोघेजण बर्फावर पालथे पडून इंचाइंचाने सरकत त्याच्यापर्यंत पोचले. त्यांनी त्याला तराफ्यावर आडवा केला, पट्टे आवळले आणि काठावरच्या टाळ्यांच्या गजरात ओढून आणला. डॅरिनच्या आयुष्यात त्याला उद्देशून वाजलेल्या या पहिल्या टाळ्या.

एवढ्यावर संपलं असतं तर डॅरिनने लोकांचं हसणं गिळलं असतं. पण हार्लनने काठावरचं थांबलेलं घड्याळ पाहिलं, दुकानात जाऊन अंदाजांचा डबा उघडला आणि परत आला तेव्हा त्याचा चेहरा गंभीर होता.

"सर्वात जवळचा अंदाज कुणाचा आहे माहितीय?" तो म्हणाला. "डॅरिन वेल्टरचा."

काठावरचे सगळे डॅरिनकडे वळले. जोलीन पटकन म्हणाली, "अहो, तो दरवर्षी माझ्या आईच्या वाढदिवसाची तारीख टाकतो." ते खरंच होतं. पण कुणी ऐकलं नाही.

पुढचा आठवडा वाईट गेला. पेट्रोल पंपावर डॅरिन शिरला की बोलणं थांबायचं. चर्चमध्ये कुणी तरी त्याला विचारलं, "काय मग, पुढच्या वर्षी कधी बुडवणार?" एका जुन्या गिऱ्हाइकाने फोन करून आपल्या धान्याच्या कोठाराचा विमा नक्की उतरवलाय ना, अशी खात्री करून घेतली. डॅरिनला सगळं चाललं असतं. वेंधळा म्हणाले असते, मूर्ख म्हणाले असते, तेही चाललं असतं. पण लबाड? त्याच्या धंद्यात माणसाकडे दुसरं काय असतं? तो मांडीवरची ताटली तशीच ठेवून उठायला लागला. आणि गॅरेज रिकामं असूनही तिथे कुणी अभ्यासाला बसेना. ब्रिटा खोली बंद करून बसली होती. जोलीनने परीक्षेचं विचारलं तर म्हणाली, "माझ्यामुळेच झालं हे सगळं. मला माहीत होतं आणि मी बोलले नाही. अशा मुलीने फिजिक्सचा पेपर द्यायचा?"

या प्रकरणाचा फैसला ठरला शुक्रवारी, अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये, तळलेल्या माशांच्या जेवणाच्या वेळी. दर शुक्रवारी अख्खं गाव तिथे जेवायला असतंच, त्यामुळे वेगळं निमंत्रण लागत नाही. हार्लन उभा राहिला. "हा आरोप नाही. नुसता प्रश्न आहे," तो म्हणाला. आरोप करायच्या आधी माणसं असंच म्हणतात.

आधी व्हर्न साक्षीला उठला. "मी त्याला आधीच सांगितलं होतं, हात लावू नकोस म्हणून," एवढं बोलून तो ताटातल्या कोलस्लॉकडे, म्हणजे कोबीच्या कोशिंबिरीकडे, वळला. गाठीचा विषय त्याने काढला नाही. मग डॅरिन उभा राहिला.

"मी फक्त गॅरेज रिकामं करत होतो," तो म्हणाला.

हॉल खदखदून हसला. "तळ्यात?" मागून कुणी तरी विचारलं. डॅरिनचे कान लाल झाले. तो पुढे काही तरी बोलला, पण ते त्याचं त्यालाही ऐकू आलं नाही. तो खाली बसला आणि त्याला वाटलं, झालं, संपलं.

तेवढ्यात खुर्ची सरकली. ब्रिटा उठली आणि सरळ भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्याकडे गेली. त्यावर आजचा मेनू लिहिला होता. 'मासा, बटाटा, कोलस्लॉ, पाव' याच्या खाली मोकळी जागा होती. तिने मार्कर उचलला.

"ही खोपटी," ती म्हणाली. आवाज कापत होता. "हा उतार. हे पिंप." तिने एक बाण काढला, मग दुसरा. "गेल्या शुक्रवारी संध्याकाळी मी हेच गणित मांडलं होतं आणि पुसून टाकलं होतं. आज पुन्हा मांडते."

लोक खायचे थांबले. तिने लिहायला सुरुवात केली आणि बोलता बोलता तिचा आवाज स्थिरावला. खोपटी आधी का हलली नाही, ते तिने सांगितलं. हलल्यावर ती का थांबली नाही, तेही. पिंपातून गोणी काढली की काय होतं, दुसरी काढली की काय होतं, सगळं सांगितलं. फेंग पहिल्या रांगेत बसून मान डोलावत होता. ग्रेडीच्या कपाळाला मात्र आठ्या पडल्या. त्याने हात वर केला.

"ब्रिटा, तिथे चुकलीस. वजा पाहिजे. घर्षण दोरीच्या उलट्या बाजूला."

ब्रिटा थांबली. तिचा हात आपोआप फळ्याकडे गेला. बाही मुठीत धरलेली, पुसायला तयार. डॅरिन खुर्चीच्या कडेवर आला. मागच्या टेबलावर मिसेस रिंगस्टाड बसल्या होत्या. त्यांच्या हातातला काटा तोंडापाशी येऊन थांबला होता. ब्रिटा फळ्याकडे बघत राहिली. बाही फळ्याला टेकली.

मग तिने हात खाली घेतला.

"नाही," ती म्हणाली. "वजा नको. खोपटी खाली चाललीय, म्हणजे घर्षण वरच्या दिशेला. दोरीही वर ओढतेय. दोघं एकाच बाजूला. बरोबर आहे हे. तूच बघ ग्रेडी, नीट बघ."

ग्रेडीने बघितलं. बराच वेळ बघितलं. "हो रे," तो कुणाला उद्देशून म्हणाला कुणास ठाऊक, आणि खाली बसला.

"तर आता मुद्दा," ब्रिटा हॉलकडे वळली. "माझ्या वडिलांना ग्लॅडिसला ठरवून, नेमक्या वेळी पाडायचं असतं, तर हे सगळं यायला हवं होतं. यातलं काय आलं त्यांना? खोपटी हलत नव्हती तेव्हा वजन तसंच ठेवून नुसती पहार लावायची. त्यांनी गोणी काढली. चूक. दुसरी काढली. पुन्हा चूक. तिसरी काढली. आणि वर स्वतः आत जाऊन उड्या मारल्या! लबाड माणूस एकदा तरी बरोबर वागला असता. ठरवून इतकं सलग चुकणं कुणालाच जमणार नाही."

हॉलमध्ये असा हशा उसळला की टेबलांवरचे ग्लास हलले. लोक बाक बडवायला लागले. हार्लनने डोळे पुसत स्पर्धेच्या समितीतल्या दोघांशी कुजबुज केली आणि निकाल दिला: मिस्टर वेल्टर निर्दोष आहेत, कारण हे त्यांच्या आवाक्यातलं नाही. पलीकडच्या बाजूला बर्फ अजून आहे, तिथे ग्लॅडिसला पुन्हा उभी करायची, सगळ्यांनी नवे अंदाज टाकायचे.

डॅरिनच्या मूर्खपणावर अशी सार्वजनिक, गणिती मोहोर उठली आणि तो आनंदाने वेडा व्हायचा बाकी राहिला. लोक येऊन त्याच्या पाठीवर थापा मारत होते. "काय पोरगी आहे तुझी!" कुणी तरी म्हणालं. तो मान हलवत राहिला. मिसेस रिंगस्टाड जाता जाता ब्रिटापाशी थांबल्या आणि फळ्याकडे बोट करून म्हणाल्या, "याला मी पूर्ण मार्क दिले असते." ब्रिटा लाजली. पण "बहुतेक" म्हणाली नाही.

ती परीक्षेला बसली. मे महिन्यातली ती दुपार डॅरिनने शाळेच्या पार्किंगमध्ये गाडीत काढली. जोलीनने घरी थांब म्हणून सांगितलं होतं. तो थांबला नाही. दार उघडून मुलं बाहेर आली तेव्हा त्याने काच खाली केली. ग्रेडी डोकं खाजवत गेला. फेंग हसत गेला. शेवटी ब्रिटा आली, दार उघडून शेजारी बसली आणि पट्टा लावला. चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसेना.

"कसा गेला?"

"पेपरबद्दल बोलायची बंदी आहे, डॅड. आम्ही सही केलीय."

"प्रश्न नको सांगूस. नुसतं सांग, बरा गेला का?"

"तेही पेपरबद्दलच झालं."

डॅरिनने स्टिअरिंगवर बोटं वाजवली. विचारावं की नाही, त्याला ठरवता येईना. "एक विचारू? हे पेपरमधलं नाही. तू… खोडलंस का काही?"

ब्रिटाने खिशात हात घातला आणि काढून त्याच्या तळहातावर काय ठेवलं, तर एक पेन. साधं, काळ्या शाईचं.

"लेखी उत्तरं पेनाने लिहिलेली चालतात," ती म्हणाली. "तिथे पेन्सिल हातात घेतलीच नाही मी. दोन ठिकाणी चुकले, तिथे एक आडवी रेघ मारली आणि पुढे गेले."

डॅरिनने पेनकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि हॉर्न दाबला. आत अजून दुसऱ्या विषयाचा पेपर चालू होता. खिडकी उघडली, मिसेस रिंगस्टाड बाहेर डोकावल्या आणि त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

"डॅड, बस कर!" ब्रिटा त्याचा हात ओढत, हसत म्हणाली.

त्याने पुन्हा दाबला.